वाट कोणी द्यावी? वर्धा जिल्ह्यातील सायकल, एसटी आणि रस्त्यावरचा धर्म

प्रश्नाचे स्वरूप

अरुंद रस्त्यावरून सायकल आणि प्रवासी बस एकाच वेळी जात असताना वाट कोणी कोणाला द्यावी, या प्रश्नाचे उत्तर वाहतुकीच्या नियमांत पुरते सापडत नाही. चूक कोणाची, एवढे नियम सांगतो. कर्तव्य आधी कोणाचे, ताकदीबरोबर कोणती जबाबदारी येते, हेतू नसताना झालेल्या इजेचा दोष कोणाच्या माथी, हे धर्मविचाराचे प्रश्न आहेत आणि ते नियमाच्या पलीकडे उरतात. वर्धा जिल्ह्यात त्यांना विशेष वजन आहे. गांधीजी १९३६ पासून ज्या सेवाग्रामात राहिले आणि विनोबा १९३८ पासून ज्या पवनारच्या परंधाम आश्रमात राहिले, ती दोन्ही ठिकाणे याच जिल्ह्यातली. अहिंसा, सर्वोदय आणि विश्वस्तवृत्ती या कल्पना येथे जगून पाहिल्या गेल्या. त्यांची परीक्षा आश्रमाच्या आवारात एकदा होऊन गेली. आवाराबाहेरच्या रस्त्यावर ती रोज होते.

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांतला सामान्य माणूस एक तर एसटीने जातो, नाहीतर दुचाकीवर किंवा सायकलवर. सकाळी दहाच्या सुमारास कोणत्याही फाट्यावर या प्रश्नाचे दर्शन घडते. दप्तर कॅरिअरला अडकवलेली मुलगी डांबराच्या डाव्या कडेने शाळेला निघालेली असते. मागून एसटी येते, समोरून ट्रॅक्टर येतो. चालक हॉर्न देतो. मुलगी कडेला सरकते. तिथे डांबर संपते आणि चार बोटे खाली काळी माती सुरू होते. पावसाळ्यात या मातीत चाक रुतते, उन्हाळ्यात तिच्या भेगांत अडकते. म्हणून ती पुन्हा थोडी आत येते. गाडी तिच्या हँडलला लागून निघते आणि पुढच्या थांब्यावर डावीकडे वळून तिच्याच पुढ्यात उभी राहते. खिडकीतून आवाज येतो, ‘बाजूले हो नं!’ सायकलवरून उत्तर जाते, ‘वावरात उतरू का मंग?’

दोघांचेही म्हणणे खरे आहे. चालकाला थांबा घ्यायचाच असतो आणि मुलीला रस्ता सोडून जायला जागा नसते. दुष्ट माणूस कोणी नसताना तंटा होतो, म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे.

रस्त्याचे माप

तंट्याची सुरुवात मापात आहे. भारतीय रस्ते मानकांनुसार एकपदरी रस्त्याच्या डांबरी पट्ट्याची रुंदी ३.७५ मीटर आणि दुपदरी रस्त्याची ७ मीटर धरली जाते. बसची रुंदी सुमारे अडीच मीटर. एकपदरी रस्त्यावर बस एका कडेला पूर्ण चिकटून चालली तरी सव्वा मीटर उरते. सायकलचे हँडल, चालवणाऱ्याचे कोपर आणि तोल सांभाळताना होणारी डुगडुग यांतच त्यातला बराचसा भाग जातो. दोघांमध्ये हातभर अंतर राखायचे म्हटले, तर एकाचे चाक डांबराखाली उतरलेच पाहिजे. बस उतरली तर पन्नास प्रवाशांसह कलण्याची भीती. सायकल उतरली तर पडण्याची. जिल्ह्यातले अनेक रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असला तरी जिथे साइडपट्टीत मुरूम नीट भरलेला नसतो, तिथे त्यांची कड डांबरी रस्त्याहून उंच राहते आणि सायकलचे चाक त्या कडेवरून एकदा घसरले की सावरत नाही.

दुसरे माप वजनाचे. प्रवाशांनी भरलेली बस चौदा-पंधरा टनांच्या घरात जाते. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून शंभर किलोही भरत नाहीत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत बहुधा तो सेकंद निघून गेलेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. शिवाय उंच आसनावर बसलेल्या चालकाला गाडीच्या डाव्या अंगाशी, अगदी जवळ असलेले माणूस पुष्कळदा दिसतच नाही.

या मापांतून एक गोष्ट निघते. धक्का लागला तर बसला ओरखडा पडतो आणि सायकलस्वाराचा जीव जातो. धोका दोघांनी मिळून निर्माण केला, तरी त्याची किंमत एकच जण मोजतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यातला प्रत्येक मृत्यू टाळता आला असता असे म्हणता येणार नाही; पण ज्याला स्वतःला इजा होणार नाही त्याने दुसऱ्यासाठी किती सावध राहायचे, हा प्रश्न त्यातल्या असंख्य मृत्यूंच्या मुळाशी आहे.

वाट देण्याचा जुना विचार

वाट कोणी द्यावी याची चर्चा भारतीय ग्रंथांत जुनी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाहनातला मनुष्य, अतिवृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर यांना वाट द्यावी असे सांगितले आहे. या यादीत दोन वेगवेगळी तत्त्वे एकत्र नांदतात. वृद्ध, रोगी आणि ओझेवाला यांना वाट मिळते ती त्यांच्या अडचणीमुळे. राजा आणि स्नातक यांना मिळते ती प्रतिष्ठेमुळे. पहिले तत्त्व करुणेचे, दुसरे उतरंडीचे. याच ग्रंथातील जन्मावर उभ्या असलेल्या उतरंडीचा निषेध म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. आजच्या विचाराला त्यातले पहिले तत्त्वच घेता येते: ज्याला बाजूला होणे अवघड, त्याला वाट आधी.

आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचा स्वतंत्र विचार आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, किंवा गाडीवानाने ‘बाजूला हो’ अशी आरोळी दिली असेल, तर त्याला दंड नाही. मात्र गाडीवानाच्या अकुशलतेमुळे गाडी भरकटून इजा झाली, तर दंड मालकाला. गाडीवान कुशल असूनही चुकला, तर दंड त्याला. आणि गाडीवान अकुशल असेल, तर गाडीत बसलेल्यांनाही दंड. यांत्रिक बिघाड, मालक, चालक आणि प्रवासी यांच्या जबाबदारीची अशी वाटणी इतक्या जुन्या ग्रंथात व्हावी, हे लक्षणीय आहे. चालकाला घाई करायला लावणारा, ‘अजून किती वेळ? काढा ना गाडी पुढे’ म्हणणारा प्रवासी स्वतःला निर्दोष समजतो. हा विचार त्याला तसे समजू देत नाही.

आरोळीने दोष सुटतो, हे मात्र आज मान्य करता येत नाही. हॉर्न ही तीच आरोळी आहे. पायी चालणाऱ्याच्या आणि बैलगाडीच्या वेगात आरोळी ऐकून बाजूला व्हायला वेळ मिळत असे. मागून बसचा हॉर्न कानाशी वाजतो तेव्हा सायकलस्वार दचकतो, मान वळवतो आणि मान वळते तिकडे हँडलही वळते. सावध करण्यासाठी दिलेला आवाजच त्याला रस्त्याच्या मध्यावर आणू शकतो. हॉर्न दिला म्हणजे वाट मिळालीच, असा अर्थ त्यातून निघत नाही. हॉर्नने फक्त सूचना जाते. कर्तव्य चालकापाशीच राहते.

महाभारतात वाटेवरच्या तंट्याच्या दोन कथा आहेत आणि त्या जोडीने वाचाव्यात अशा आहेत. आदिपर्वात शिकारीहून परतणारा, भुकेला आणि तहानलेला राजा कल्माषपाद एका अतिशय अरुंद वाटेवर वसिष्ठपुत्र शक्तीसमोर येतो. दोघेही वाट सोडत नाहीत. राजा चाबूक मारतो, शक्ती शाप देतो, राजा राक्षस होतो आणि पहिला घास शक्तीचाच घेतो. राजाजवळ बळ होते, ऋषीजवळ शास्त्राचा आधार होता. दोघांनाही आपला हक्क ठाऊक होता आणि दोघांचाही नाश झाला. वनपर्वात लहानगा अष्टावक्र जनकाच्या यज्ञाला जाताना राजाच्या वाटेत येतो आणि आंधळा, बहिरा, स्त्री, ओझेवाला यांच्या वाटेच्या हक्काची आठवण राजाला करून देतो. जनक काही न बोलता वाट देतो असे नाही. मुलाचे म्हणणे योग्य आहे असे सांगून तो बाजूला होतो. वाट तितकीच अरुंद असूनही दुसऱ्या कथेत कोणी मरत नाही, कारण ज्याच्याकडे बळ आहे त्यानेच आधी माघार घेतली.

हेतू, प्रमाद आणि दोष

चालकाला कोणालाही मारायचे नसते. मग अपघात झाला तर तो दोषी कसा? या प्रश्नावर भारतीय परंपरांची उत्तरे एकसारखी नाहीत.

बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे मनाच्या संकल्पात आहे. संकल्प नसेल तर हत्येचे कर्म पूर्ण होत नाही. पण एवढ्यावर सुटका नाही, कारण त्याच विचारात अप्रमादाला, सतत जागे असण्याला, सर्व कुशल गुणांत अग्रस्थान आहे. धम्मपदाचा एक संपूर्ण वर्ग अप्रमादावर आहे आणि बुद्धांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच मानला जातो. जैन विचार याहून कठोर आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडलेली आहे: बेसावध वृत्तीतून प्राणांचा घात होणे म्हणजे हिंसा. सावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली जीव सापडला, तर त्याला तो दोष लागत नाही. बेसावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली कोणी सापडले नाही, तरी तो हिंसक. म्हणून जैन साधूंच्या पाच समितींत ईर्यासमितीला स्थान आहे. साधारण चार हात पुढची जमीन नजरेने तपासत चालावे, असा तो नियम. हा नियम पाळणाऱ्या साधु-साध्वींचेही महामार्गांवर विहार करताना वाहनांखाली मृत्यू झाले आहेत. चालणाऱ्याची सावधगिरी कितीही असली तरी चाकाची सावधगिरी तिच्या जोडीला नसेल, तर ती पुरी पडत नाही.

ही व्याख्या बसला लावली की बरेच स्पष्ट होते. सायकलच्या हँडलला घासून ‘कट मारून’ गाडी काढणे आणि काही न होणे, याला रस्त्यावर कौशल्य म्हणतात. जैन दृष्टीने ती हिंसा घडून गेली आहे. दुसरा वाचला हे त्याचे दैव. आधुनिक कायदाही इथे जवळपास त्याच जागी येतो. भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे वाहन चालवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे; त्यात कोणी जखमी व्हावेच लागत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास हेतू नसतानाही शिक्षा आहे.

आश्रमाच्या एकादश व्रतांत अहिंसेबरोबर अभयही आहे. अभयाचा एक अर्थ स्वतः न घाबरणे. दुसरा, तितकाच जुना अर्थ दुसऱ्याला आपल्यापासून भय वाटू न देणे. मोठ्या वाहनाच्या बाबतीत दुसरा अर्थ अधिक लागू पडतो. मागून येणाऱ्या गाडीच्या भीतीने आईवडील मुलीची सायकल बंद करतात आणि कधी कधी सायकलबरोबर शाळाही सुटते. धक्का कोणालाच लागलेला नसतो, तरी इजा झालेली असते. अपघातांच्या नोंदीत ती येत नाही, पण धर्मविचाराने ती मोजली पाहिजे.

बहुजनहित आणि सर्वोदय

चालकाच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद संख्येचा आहे. सायकलवर एक माणूस, बसमध्ये पन्नास. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली फेरी सोडणाऱ्या राज्य परिवहन सेवेने पुढे बहुजनांचे हित आणि सुख हेच आपले ब्रीद मानले. हे शब्द बुद्धांनी आपल्या पहिल्या भिक्खूंना चारिकेला धाडताना केलेल्या उपदेशातले आहेत. दवाखान्यात निघालेले म्हातारे, परीक्षेला निघालेले विद्यार्थी, बाजाराला निघालेल्या बाया यांचा वेळ एका सायकलसाठी का जावा, असा हा प्रश्न आहे आणि तो उथळ नाही.

हिशेब करून पाहता येतो. पुढे मोकळी जागा मिळेपर्यंत बस सायकलमागे दोनशे मीटर चालली असे धरू. सायकलचा वेग ताशी १२ किलोमीटर असेल तर एक मिनिट लागते. ताशी ५० किलोमीटरने तेच अंतर सुमारे १५ सेकंदांत संपले असते. तोटा पाऊण मिनिटाचा. पन्नास प्रवाशांनी गुणले तर सदतीस मिनिटांहून जास्त होतात आणि हा आकडा मोठा दिसतो. पण हा सदतीस मिनिटांचा तोटा सोसणारा माणूस बसमध्ये कुठेच नाही. प्रत्येकाचे गेले ते पाऊण मिनिटच. सायकलस्वाराच्या जिवावरचा धोका मात्र वाटला जात नाही. तो सगळाच्या सगळा एकाच देहावर पडतो. अनेकांच्या लहान गैरसोयींची बेरीज एकाच्या मोठ्या हानीसमोर तराजूत टाकणे, ही या युक्तिवादातली चूक आहे.

गांधीजींनी हीच चूक ओळखली होती. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत त्यांनी रस्किनचे ‘अन टू धिस लास्ट’ वाचले आणि १९०८ साली त्याचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने दिला. १९२६ साली ‘यंग इंडिया’त त्यांनी अधिकांचे अधिक सुख हे सूत्र अहिंसेच्या उपासकाला मान्य होणार नाही असे लिहिले. त्याने सर्वांच्याच हिताचा प्रयत्न केला पाहिजे आणि त्यासाठी स्वतः सोसायलाही तयार असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. एकोणपन्नासांच्या सोयीसाठी पन्नासावा सोडून देणे सर्वोदयात बसत नाही. त्याचबरोबर पन्नासाव्याच्या हट्टासाठी एकोणपन्नास ताटकळणेही बसत नाही.

बहुजनहिताशी सर्वोदयाचे वैर नाही, हे वर्ध्याच्या रस्त्यावर विशेष स्पष्ट दिसते. ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा मोफत प्रवास देणारी अहिल्याबाई होळकर योजना राज्यात आहे. त्याच राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली गरजू मुलींना शाळेसाठी सायकलीही दिल्या जातात. गाडी वेळेवर आली तर मुलगी एसटीने जाते, चुकली तर सायकलने. म्हणजे सोमवारी जी बहुजनांत मोजली गेली तीच मंगळवारी बहुजनांच्या वाटेतली अडचण ठरते. बस आणि सायकल यांच्यामागे दोन वेगळे समाज नाहीत. मोटार परवडत नाही अशा एकाच समाजाची ही दोन साधने आहेत आणि त्यांच्यातला तंटा हा घरातला तंटा आहे.

वेगाची मर्यादा

वेगाबद्दलचा मूलभूत विचार ‘हिंद स्वराज’मध्ये १९०९ सालीच आला होता. आगगाडीमुळे वाईट गोष्टी लवकर पसरतात आणि चांगल्या गोष्टींची चाल मुळातच मंद असते, असे गांधीजींचे मत होते. ते स्वतः आगगाडीने देशभर फिरले आणि यंत्रमात्राला त्यांचा विरोध नव्हता. शिवणयंत्राचे त्यांनी उघड कौतुक केले. यंत्र माणसाला बाजूला सारते की त्याच्या हाताला बळ देते, ही त्यांची कसोटी होती. या कसोटीला सायकल निर्विवाद उतरते. बसही उतरते, जोवर ती सायकलला रस्त्याबाहेर ढकलत नाही.

हा धागा पुढे इव्हान इलिच यांनी नेला. १९७४ सालच्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात त्यांनी असे मांडले की प्रवासाचा वेग ताशी सुमारे २५ किलोमीटरच्या पुढे गेला की काहींचा वाचलेला वेळ इतरांच्या वेळेतून वसूल होऊ लागतो आणि विषमता वाढते. माणसाची चाल कित्येक पट वाढवूनही कोणाची वाट न अडवणारे साधन म्हणून त्यांनी सायकलला मान दिला. हेच इलिच १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आले, बापू कुटीत बसले आणि गरजा मर्यादित ठेवणाऱ्या त्या घराबद्दल तिथल्या परिषदेत बोलले. वेगाच्या मर्यादेचा विचार आणि सेवाग्रामची कुटी यांची अशी प्रत्यक्ष भेट झालेली आहे.

जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर सायकल, दुचाकी आणि तीनचाकी यांना प्रवेश नाही. त्या वेगाच्या रस्त्यासाठी हा निर्बंध योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. वेगवान वाहनांना स्वतःचा प्रशस्त रस्ता मिळाला. बस आणि सायकल यांना मात्र तोच जुना, साइडपट्टी खचलेला रस्ता वाटून घ्यायचा आहे.

विश्वस्त कोण?

गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेचे क्षेत्र साधारणपणे संपत्ती समजले जाते. ज्याच्याकडे गरजेपेक्षा अधिक आहे त्याने ते समाजाची ठेव म्हणून सांभाळावे. वजन आणि वेग हीदेखील एक प्रकारची संपत्ती आहे. बसचे पंधरा टन चालकाचे स्वतःचे नसतात. समाजाने ते त्याच्या हाती सोपवलेले असतात. म्हणूनच बस चालवायला परवाना लागतो आणि सायकलला लागत नाही. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असे साधन विश्वासाने हाती दिल्याची खूण. मोटार वाहने (चालन) विनियम, २०१७ यांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य वाहनचालकावर टाकले आहे. कायद्याची भाषा वेगळी असली तरी आशय विश्वस्ताचाच आहे.

यातून कर्तव्यांचा क्रम लागतो. पहिले कर्तव्य चालकाचे: जागा नसेल तर मागे थांबणे, ओलांडताना हातभराहून अधिक अंतर ठेवणे, थांब्यासाठी डावीकडे वळण्याआधी सायकल पुढे जाऊ देणे. पहिले कर्तव्य चालकाचे असले, तरी सगळे कर्तव्य एकट्या त्याचे नाही. सायकलस्वारानेही अंधारात दिवा किंवा परावर्तक लावला पाहिजे, तिघा-चौघांनी रस्ताभर पसरून चालू नये, मागे न पाहता उजवीकडे वळू नये, थांबलेल्या बसच्या डाव्या बाजूने, प्रवासी उतरतात त्या दारासमोरून सायकल दामटू नये. दुर्बलाला संरक्षण मिळते ते जबाबदारीतून सूट म्हणून मिळत नाही.

सायकलस्वाराने अपमान कसा घ्यावा, यावर गांधीजींच्या आयुष्यातला एक प्रसंग प्रकाश टाकतो. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला अध्यक्ष क्रूगर यांच्या घरावरून पदपथाने जाताना पहारेकऱ्याने त्यांना काही न सांगता लाथ मारून रस्त्यावर ढकलले. ओळखीचे कोट्स घोड्यावरून जाताना हे पाहत होते आणि साक्ष द्यायला तयार होते. स्वतःच्या दुःखासाठी न्यायालयात जायचे नाही, असे गांधीजींनी ठरवले होते. त्यांनी फिर्याद केली नाही. पण रस्ता वापरण्याचा समाजाचा हक्क हा वेगळा विषय होता. वायकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर अवर्णांना बंदी होती, तेव्हा १९२४-२५ च्या सत्याग्रहाला गांधीजींनी पाठबळ दिले आणि विनोबांना तिथे पाठवले. स्वतःचा राग सोडायचा आणि सर्वांचा हक्क सोडायचा नाही, ही सीमारेषा रस्त्यावरच्या रोजच्या तंट्यालाही उपयोगी आहे. काचेवर दगड मारल्याने पुढच्या सायकलस्वाराची वाट सुरक्षित होत नाही. आगारात आणि ग्रामसभेत प्रश्न लावून धरल्याने होऊ शकते.

अपघातानंतर जमाव चालकाला मारतो, गाडी पेटवतो आणि त्या भीतीने चालक जखमीला सोडून पळतो. पळून जाणाऱ्या चालकाला अधिक शिक्षा देणाऱ्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर वाहनचालकांनी संप केला, तेव्हा हीच भीती त्यांनी पुढे केली. जखमीला सोडून जाणे धर्माने आणि कायद्याने चूकच आहे. पण जमावाच्या मारामुळे चालकाचा थांबण्याचा धर्म अशक्य होत असेल, तर जखमीच्या मृत्यूत जमावाचाही वाटा आहे. कल्माषपादाच्या कथेचा शेवट इथे महत्त्वाचा आहे. ज्यांची मुले त्या राजाने खाल्ली त्या वसिष्ठांनीच अखेर त्याला शापातून सोडवले. सुडाची साखळी तोडली ती सर्वांत अधिक गमावलेल्या माणसाने.

तिसरा पक्ष

चालक आणि सायकलस्वार यांच्या तंट्यात एक तिसरा पक्ष नेहमी गैरहजर असतो. ३.७५ मीटरच्या रस्त्यावर दोघांना एकत्र सोडणारा, साइडपट्टीत मुरूम न भरणारा, थांब्यावर गाडीला आत वळायला जागा न ठेवणारा आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर जुन्याच वेळापत्रकाने फेरी पूर्ण करायला लावणारा हा पक्ष म्हणजे शासन, आणि त्यामागचा संपूर्ण समाज. चालकाला उशिराचा जाब द्यावा लागतो. डबल ड्युटीनंतर, एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला असता, इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाकडून अखंड अप्रमादाची अपेक्षा करणे म्हणजे त्याला धर्म सांगून धर्म पाळण्याची साधने काढून घेणे होय. परिवहन महामंडळ विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा सत्कार करते, हे उचित आहे. सावधपणाला वेळ देणारे वेळापत्रक हा त्याहून मोठा सत्कार ठरेल.

रस्ता नुसता रुंद करणे हे पुरेसे उत्तर नाही. वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी २०२० साली झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा नागरिकांनी आणि गांधीवादी कार्यकर्त्यांनी विरोध केला. सावलीची सर्वांत अधिक गरज सायकलस्वाराला आणि पायी चालणाऱ्याला असते. झाड तोडून रुंद केलेल्या रस्त्यावर वेग वाढतो आणि सावली जाते. गावांजवळ आणि शाळांजवळ वेगावर मर्यादा, कडेला पक्की आणि समपातळीतली साइडपट्टी, बसथांब्यासाठी रस्त्याबाहेर काढलेली जागा, आणि शक्य तिथे झाडांच्या पलीकडून सायकलसाठी वेगळी वाट, ही कामे महामार्गांच्या मानाने किरकोळ खर्चाची आहेत. ती होत नाहीत तोवर प्रत्येक अरुंद वळणावर दोन निरपराध माणसांना एकमेकांसमोर उभे करण्याचा दोष समाजाकडे राहतो.

या सर्व विचाराचा निष्कर्ष असा. रस्त्यावरचा हक्क संख्येने ठरत नाही आणि ताकदीने तर नाहीच. ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे, त्याने आधी वाट द्यावी. ज्याला वाट मिळाली, त्याने ती जबाबदारीने वापरावी. आणि दोघांना पुरेल एवढी वाट बांधून देणे हे समाजाचे कर्ज आहे. वर्धा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती, नगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि एसटीची आगारे यांनी हे कर्ज शाळेच्या रस्त्यांपासून फेडायला सुरुवात करावी.